गहू-दूध बंद केलंत का?

मुलाला ऑटिझम आहे असं सांगितलं की पाठोपाठ हा प्रश्न येतोच: "गहू आणि दूध बंद केलंत का? पोट सुधारलं की ऑटिझम जातो म्हणतात." तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केलं होतं, सहा महिने. ऑटिझम होता तसाच राहिला. मोजून सात-आठ पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातले चार गेले आणि वजन घटलं. या आहाराने ऑटिझमची लक्षणं कमी होतात याला भक्कम पुरावा नाही. सीलिअ‍ॅक आजार (यात गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होते) किंवा दुधाची अ‍ॅलर्जी निघाली तर गोष्ट वेगळी. पण सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, आणि आम्ही तो आधीच बंद करून बसलो होतो.

पोटाचा त्रास मात्र खराच असतो. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ऑटिस्टिक मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून जास्त आढळल्या.

आमचा मुलगा बोलत नाही. पाच वर्षांचा असताना तो टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभा राहायचा, मध्यरात्री उठून रडायचा, मनगट चावायचा. "ऑटिझममध्ये असतंच हे," असं दोन ठिकाणी ऐकलं. त्यातच चड्डीला रोज पातळ शी लागायला लागली, म्हणून जुलाब थांबवायचं औषध सुरू झालं. तिसऱ्या डॉक्टरांनी त्याला आडवं करून पोटावर हात ठेवला. डाव्या बाजूला, खाली, कडक गोळे हाताला लागत होते. जुलाब नव्हतेच. आत खडा होऊन बसलेल्या शीच्या कडेने पातळ शी पाझरत होती आणि आम्ही तीच थांबवायला निघालो होतो. ते आठवडे त्याने कसे काढले असतील, हे आजही माझ्या मनातून जात नाही.

एकदा शी करताना दुखलं की मूल ती धरून ठेवतं. जितकी आत राहील तितकं आतडं तिच्यातलं पाणी शोषतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखते. गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच द्यायचा थांबतो. हे कुठल्याही मुलाचं होऊ शकतं. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत त्यात मोजकंच खाणं, फ्लशच्या आवाजाची भीती आणि शरीराच्या आतल्या खुणा न उमगणं यांची भर पडते. आतड्यातल्या जंतूंमुळेच ऑटिझम होतो असंही तुम्ही ऐकलं असेल. ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या तपासणीतून 2021 मध्ये उलटाच क्रम पुढे आला: आवडीनिवडीमुळे खाणं मोजकं होतं आणि त्यामुळे जंतूंची विविधता घटते.

डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते. आधी साचलेलं सगळं बाहेर काढलं, मग रोजचा डोस कित्येक महिने चालला. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. पोट साफ झालं म्हणून पावडर लगेच सोडू नका, डॉक्टर सांगतील तशीच कमी करा. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून तेव्हाच त्याला बसवायचो, पायाखाली स्टूल ठेवून. महिन्याभरात मनगट चावणं थांबलं. बोलत तो अजूनही नाही, आणि ते त्या पावडरीचं कामही नव्हतं.

तुमची मुलगी जेवल्यावर मान ताणते, छाती घासते आणि रात्री झोपमोड करते, असं म्हणालात. ती जळजळ असू शकते. पोटातलं आम्ल वर येत असेल. दोन-तीन वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कधी खाल्लं आणि किती वेळाने झालं ते लिहून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "असतंच हे" म्हणाले, तर "हिच्या जागी बोलणारं मूल असतं आणि त्याने दुखतंय म्हणून सांगितलं असतं, तर काय तपासलं असतं?" असं विचारा. शीतून रक्त, हिरवी उलटी किंवा घटतं वजन दिसलं, तर मात्र व्हिडिओसाठी थांबू नका.