भोकासकट पान

परवा दुपारी, डुलकी लागायच्या बेतात फोन चाळत होतो, तर एका जुन्या जर्मन ग्रंथातलं झाड समोर आलं. कुणी काढलेलं नव्हे. खऱ्याच झाडाला शाई लावून कागदावर दाबलेलं. एका पानाला अळीनं पाडलेलं भोक तेवढं पांढरं राहिलेलं. डुलकी गेली.

शाळेत वहीखाली जास्वंदीचं पान ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायचो. पान पालथं ठेवायचं, शिरा वर. हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. मला मात्र कुरतडलेलंच पान लागायचं. शेजारचा धडधाकट पान शोधत अंगणभर फिरे, तोवर माझी तीन उमटलेली असत.

1787च्या एप्रिलमध्ये जर्मन कवी गटे इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मोच्या बागेत हिंडत होता. डोक्यात एकच खूळ: सगळ्या झाडांचा मूळ नमुना असलेलं एखादं आद्य झाड इथंच कुठंतरी असणार. ते काही भेटलं नाही. 1790 साली त्यानं पुस्तक लिहून मांडलं, की पाकळी काय, पुंकेसर काय, सगळी पानाचीच रूपं. गंमत म्हणजे त्याच 1787 साली रेगेन्सबुर्गला होप्पे नावाचा औषधविद्येतला माणूस गावच्या झाडांचे असे ठसे काढायला बसला होता. गटेला सगळ्या पानांतलं पान हवं होतं. होप्पेचं काम हाताशी होतं त्यावर भागत होतं.

शाई जाड झाली की शिरा बुजतात, फूल दाबलं की लगदा होतो, मग ते हातानं रंगवत बसा. शिवाय थोड्याच ठशांत पान चिंबतं, नवं घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्या प्रतीतलं पान वेगळं, माझ्या प्रतीतलं वेगळं. शास्त्राच्या दृष्टीनं पंचाईतच की! दोघं पत्रांतून एकाच पानावर वाद घालतायत, आणि पानं दोन.

ती पंचाईत व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यातल्या आलोइस आउअरनं मिटवली. मऊ शिशाच्या पत्र्यावर रुळानं पान दाबायचं, त्या ठशावरून विजेच्या साहाय्यानं तांब्याची पाटी घडवायची, मग हव्या तितक्या प्रती. 1855 साली लंडनच्या ब्रॅडबरीनं याच रीतीनं ब्रिटनमधले नेचे छापले. ते नेचे इतके देखणे उतरलेत, की नाव ठेवायला जागा नाही.

तरी मन रमत नाही त्यात. बायको म्हणते, तुला आंबासुद्धा डागाळलेलाच लागतो. असेल.