पाच मार्कांचे शेंगदाणे

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि पहिलं आठवलं ते शाळेचं मैदान नाही की हेडसर नाहीत, आपले गाण्याचे सर. खरं सांगायचं तर मला गळा नव्हता. सरांनी पहिल्याच तासाला ओळखलं आणि म्हणाले, तू गाऊ नकोस, तू लक्षात ठेव. म्हणून मी संगीताच्या क्विझच्या टीममध्ये.

तयारी म्हणजे काय तर मधल्या सुट्टीत डबा खाताना सर पेटीवर दोन सूर धरायचे आणि विचारायचे, सांगलीत पहिलं मराठी नाटक, सीता स्वयंवर, कधी? १८४३. किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल? १८८०, पुणे. दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात नायक धैर्यधर कोण? केशवराव भोसले, आणि नायिका भामिनी बालगंधर्व, साल १९२१, टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे तीनच महिन्यात केशवराव गेले हे सांगताना सर दरवेळी थांबायचे, आम्ही पोळी चावायचो पण थांबायचो.

तर जिल्ह्याची फायनल. प्रश्न आला, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय, म्हणजे गाण्याची शाळा, कुठे काढली? मी बझर दाबून ओरडलो, लाहोर! हॉल हसला. त्यांच्या कार्डावर मुंबई होतं, मार्क गेले, आणि आम्ही बरोबर पाच मार्कांनी हरलो. आता १९०१ ला लाहोरच, मुंबईची शाखा १९०८ ची, हे सरांनीच तर घोकून घेतलेलं, पलुस्कर म्हणजे कुरुंदवाडचा पोरगा, लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, मिरजेत बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकला आणि पार लाहोरात जाऊन शाळा काढली, म्हणजे आपल्याच भागातला माणूस की हो! मला वाटलं सर उठून भांडतील. नाही भांडले. स्टँडवर पाच रुपयांचे शेंगदाणे घेतले, पुडी माझ्या हातात दिली, म्हणले हे घे तुझे पाच मार्क. एसटीत शिराळ्याच्या पोरानं निम्मे खाल्ले ती गोष्ट वेगळी.

आज मी पुण्यात बँकेत मॅनेजर आहे, सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी संगीताची क्विझ मीच घेतो. पोरं टेबलाखाली मोबाईल बघतात, उत्तर बरोबर येतं, पण भामिनी कोण म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. गाण्याच्या खोलीत कॉम्प्युटर लॅब झालीये, चांगलंय, एसीपण आहे. फक्त ती पेटी दिसली नाही. काळा सा दाबला की अडकायचा तीच. कुणी घरी नेली असेल तर बिनधास्त कळवा, रागावणार नाही, भाता मी दुरुस्त करून देतो.