माळढोक पक्ष्याच्या वेशात येडशी ते पैठण : तयारीची नोंद

मार्ग ठरला. येडशीच्या रामलिंग अभयारण्यापासून पळत निघायचं, वाशी, पाटोद्याकडून नायगावच्या मयूर अभयारण्यावरून थेट पैठणला जायकवाडीच्या काठी. पाच दिवस, रोज साधारण 35 किलोमीटर, हायवे टाळून गावरस्त्यांनी. जमेल तो निधी माळरानं राखणाऱ्या कामाला. थंडी नीट पडली की सुरुवात.

पायांचं थोडक्यात सांगतो. शनिवारी लांब पल्ला आणि रविवारी त्याच जड पायांनी पुन्हा लांब पल्ला. चढ चालत. खायला धपाटे, गूळ-शेंगदाणे. पाकिटातलं एनर्जी जेल दुपारनंतर नको वाटतं. मीठ-लिंबाचं पाणी सतत.

खरी मेहनत पोशाखाची. लंडन मॅरेथॉनमध्ये गेंड्यांसाठी धावणारे साधारण 10 किलोचा गेंडा अंगावर घेतात, पण तो एका दिवसाचा मामला. आपला पक्षी चार किलोच्या आत बसवलाय. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर मलमल, पंख सुटे. वजन खांद्यांवरून काढून कमरेच्या रुंद पट्ट्यावर घेतलं आणि गळ्याच्या हाडाशी होणारं घासणं थांबलं. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन हवंच. नर आहे म्हणून मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. उंच मान वाऱ्यात शिडासारखी ओढायची, म्हणून तिला मागून उभ्या फटी ठेवल्या.

बघायची जाळी मानेत आहे. बाजूचं चांगलं दिसतं, समोरचं धूसर. ती मुद्दाम तशीच ठेवणार आहे, कारण माळढोकाचंही तेच आहे. डोळे बाजूला, समोरची नजर कमी, नराचं वजन 15 किलोपर्यंत. समोर वीजतार आली तर ऐनवेळी वळता येत नाही. आता तर आपल्या वाशी-पाटोद्याच्या पठारावर जिकडे पाहावं तिकडे पवनचक्क्या आणि तारा. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. असा पक्षी तारेला धडकून मरणं आपल्याला परवडणारच नाही. थांब्यावर पोरं जमली की जाळीतून बघायला देतो आणि समोर दोरी धरतो. भाषणापेक्षा लवकर कळतं.

परवा सरावात एका पारावर एक आजोबा जवळ आले, पंखाला हात लावून म्हणाले, "हे तर हूम हाय. आमच्या माळावर असायचा की. तुम्ही कुठं बघितला?" हूम म्हणजे माळढोकच. फोटोतच बघितलाय, असं सांगितलं. मग त्यांनीच नराचं गळ्याची पिशवी फुगवून उभं राहणं हातवारे करून दाखवलं. ती पिशवी आता पोशाखाला लावतोय. पातळ रबर उन्हात चिकटतं, कापड फुगत नाही. पळताना फुगेल आणि दम लागू देणार नाही असं काही कुणी वापरलं असेल तर जरूर सांगा.