चेन ढिली नाही झालीये, संपलीये

पावसाळा संपला की आमच्या चिपळूणच्या आसपास कुठल्याही गॅरेजवर जा, दोन-चार मोटरसायकली तरी चेनच्या कामासाठी उभ्या दिसतील. जांभ्याची लाल माती, वर चार महिने पाऊस, त्यात परशुराम घाटातला चिखल नाहीतर कुंभार्लीवरून कराडला येणं-जाणं, चेनची जी काही हालत होते ती होतेच. आणि गॅरेजवर ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "दादा, चेन लूज झालीये, दोन कड्या काढून देतो, सहा महिने बघायला नको."

ह्या कड्या काढायच्या प्रकाराबद्दलच मला लिहायचंय, कारण त्याने माणसं पडतात. घाटात चढावर चेन उतरली आणि मागच्या चाकात नाहीतर इंजिनच्या केसिंगमध्ये अडकली की चाक तिथल्या तिथे जाम होतं, आणि मागून एसटी येत असेल तर पुढचं बोलायलाच नको. हजार-दीड हजाराच्या आतबाहेर येणाऱ्या वस्तूसाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची.

मुळात चेन ताणली जात नाही. म्हणजे रबरासारखी लांब होते असं जे आपल्याला वाटतं तसं काही नसतं, बाजूच्या लोखंडी पट्ट्या आहेत तेवढ्याच राहतात. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती बुश म्हणजे छोटी नळी, बुशभोवती फिरणारा रोलर. ही बुशवाली रोलर चेन हान्स रेनॉल्ड ह्यांनी १८८० साली मँचेस्टरला काढली आणि आज आपल्या गाडीला जी आहे ती मूळ रचनेत तीच आहे. झिजते ती पिन आणि बुश एकमेकांवर घासून, आतल्या आत, बाहेरून काही कळत नाही. प्रत्येक सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज धरली तरी शंभर सांध्यांची मिळून एक सेंटिमीटर होते, आणि आपल्या चेनला शंभराच्या आसपास किंवा जास्तच सांधे असतात. तेच आपल्याला "लूज" म्हणून दिसतं. आता ह्यातल्या दोन कड्या काढल्या की लांबी कमी झाली, दिसायला घट्ट झाली, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातली झीज तशीच आहे की! आणि काढायच्या म्हटल्या तर दोनच काढाव्या लागतात, एक आतली एक बाहेरची, त्याशिवाय चेनची दोन टोकं जोडणारं लॉक बसत नाही.

कम्युटर, म्हणजे रोजच्या ये-जा करायच्या साध्या गाड्यांना बहुतेक ४२८ नंबरची चेन असते. पहिला आकडा ४, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर चार अष्टमांश इंच, अर्धा इंच, १२.७ मिमी. ५२० किंवा ५३० वाली असेल तर पाच अष्टमांश, १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. हे माहीत असलं की घरच्या घरी चेन मोजता येते. खालची बाजू हाताने ताणून धरायची आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत टेप लावायची. ४२८ च्या नव्या चेनला बरोबर २५४ मिमी भरतं. २५९ च्या जवळ गेलं की विषय संपला, चेन ताणायच्या ॲडजस्टरला अजून जागा आहे की नाही तो प्रश्नच नाही. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या, अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने धरून मागे ओढून बघा. नवी चेन दातावरून हलत नाही. जुनी उचलली जाते, आणि अर्धा दात उघडा पडून पलीकडचा उजेड दिसायला लागला की गाडी लांबच्या रस्त्याला काढू नका.

ही सगळी तपासणी फुल चेन कव्हरवाल्या गाडीला कोणी करत नाही, हे खरं दुखणं आहे. आमच्या बाबांची स्प्लेंडर. फुल कव्हरचा फायदा प्रचंड, चिखल थेट चेनवर येत नाही, साडी-ओढणी अडकत नाही, चेन उघड्या चेनपेक्षा जास्त चालते. पण दिसत नाही ती गोष्ट माणूस विसरतो. कव्हरला एक रबरी बूच असतं ते काढून ताण बघता येतो, तेवढंच. बाबांच्या गाडीचा खालून कर्र कर्र आवाज यायला लागला, गिअर टाकला की एक झटका बसायचा आणि त्यांना वाटत होतं क्लच गेला. मी आणि आतेभाऊ, दोघांनी मिळून रविवारी अंगणातच काम काढलं.

सामान आधी आणून ठेवलं होतं. चेन एकटी घेऊ नका, पूर्ण किट घ्या, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, चेन आणि लॉक. ह्याचं कारण सरळ आहे. झिजलेल्या चेनचं दोन पिनांमधलं अंतर वाढलेलं असतं, त्यामुळे ती नव्या स्प्रॉकेटच्या दातांवर नीट खाली बसत नाही, वर चढून राहते, आणि जो भार पाच-सहा दातांनी वाटून घ्यायचा तो एकदोन दातांवर येतो. उलटं केलं तरी तेच, जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की वाकलेले दात रोलरला सोडत नाहीत, ओढून धरतात, आणि नवी चेन जुन्याच्या मापाची व्हायला वेळ लागत नाही. तिघांपैकी एक जुना ठेवला की तो बाकी दोघांना खातो. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळतं, आम्ही कराडहून आणलं. रोलॉन म्हणजे कोईमतूरच्या एलजीबीची, डायमंड म्हणजे चेन्नईच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची, नाहीतर कंपनीचं ओरिजिनल, ह्यातलं काहीही घ्या पण ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट घ्या, नकली पाकिटं बाजारात भरपूर आहेत. आणि जुन्या स्प्रॉकेटवर कोरलेला दातांचा आकडा नव्याशी जुळवून बघा, मॉडेलचं वर्ष बदललं की दात बदललेले असू शकतात.

कामाचा क्रम महत्त्वाचा. चाकाला हात लावायच्या आधी पुढचं स्प्रॉकेट सैल करायचं. गिअरचा पेडल काढला, डावीकडचं कव्हर उघडलं, आणि आत जे होतं ते बघण्यासारखं होतं. वर्षानुवर्षांचं ऑइल आणि लाल धूळ मिळून काळाकुट्ट घट्ट थर, डांबरासारखा, बोटभर जाड, त्यातून स्प्रॉकेट शोधायला स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागलं. डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन तो सगळा काढला तेव्हा कुठे दोन बोल्ट आणि त्यांची पट्टी दिसली. गाडी गिअरमध्ये टाकून आतेभावाने मागचा ब्रेक दाबून धरला आणि मी दहाच्या बॉक्स पान्याने दोन्ही बोल्ट सैल केले. चेन आधी काढून टाकली असती तर स्प्रॉकेट पान्याबरोबर गरगर फिरत बसलं असतं.

जुनं छोटं स्प्रॉकेट हातात घेतलं तर दात एका बाजूला झुकलेले, टोकं इतकी धारदार की बोटाला लागतील. मोठं त्यामानाने बरं होतं. हे असंच असतं, समजा पुढे १४ दात आणि मागे ४२, तर मागचं एकदा फिरेपर्यंत पुढचं तीनदा फिरतं, पुढच्या प्रत्येक दाताला तिप्पट काम. म्हणून स्प्रॉकेट बघायचं तर पुढचं उघडून बघा, गॅरेजवाला मागचं दाखवून "अजून चालेल" म्हणाला तर ते अर्धंच सत्य आहे.

मागचं चाक काढायला फार काही नाही, ब्रेक रॉडचा नट, ब्रेक प्लेटची पट्टी, मग ॲक्सल, तो लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हळू ठोकायचा, नुसत्या हातोडीने ठोकला तर त्याचे आटे जातात. ह्या गाड्यांमध्ये एक फार चांगली सोय आहे, चाक बाहेर आलं तरी स्प्रॉकेट आपल्या स्लीव्ह नटवर चिमट्यालाच (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा फाटा) राहतं, म्हणून पंक्चरवाल्याला चेनला हात लावावा लागत नाही. आपल्याला मात्र तो मोठा नटही खोलायचाय.

चाक बाहेर काढलंच आहे तर आतले कपलिंग रबर बघा. चाकाच्या हबमध्ये खोबणीत बसवलेले असतात, इंजिनचा झटका तेच पितात. बाबांच्या गाडीचे रबर चेपून कडक झाले होते, स्प्रॉकेटचा भाग हाताने पुढे-मागे केला तर चांगला बोटभर हलत होता. गिअर टाकल्यावर बसणारा झटका निम्मा तरी इथलाच होता. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ती बदलायला चाक काढावंच लागतं, म्हणून आत्ताच बदला. स्प्रॉकेटच्या मधलं बेअरिंगही बोट घालून फिरवून बघा, खरखर लागली तर तेही बदला.

नवी चेन बसवताना लॉकची क्लिप नीट बघा. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटी बसली आणि कव्हरला किंवा कशाला घासली तर निघून जाऊ शकते. पक्कडीने बसवल्यावर नखाने ओढून बघायची, दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण बसली पाहिजे.

ताण किती ठेवायचा ह्यावर प्रत्येक कट्ट्यावर वेगळं मत मिळतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर दिलेला असतो तो पाळा, साध्या गाड्यांना खालच्या बाजूला मध्यावर वरखाली मिळून साधारण २५ मिमी. चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात जास्त ताणलेली लागते तिथे मोजायचं. घट्ट चेन म्हणजे चांगली चेन हा समज काढून टाका. माणूस बसला, डबलसीट बसली, खड्ड्यात चिमटा वर गेला की चेन आणखी ताणली जाते, कारण चिमट्याचा सांधा आणि पुढचं स्प्रॉकेट एकाच ठिकाणी नसतात. आधीच घट्ट असेल तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर जातो, आणि ते काम चेनच्या कितीतरी पट खर्चाचं. चाक सरळ आलंय का ह्यासाठी चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवाच, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका, मागे उकिडवं बसून एका डोळ्याने चेनची रेषा बघा, मागच्या स्प्रॉकेटवरून निघताना ती कुठे वाकडी जाते का.

काही मुलं मायलेजसाठी पुढे एक दात जास्तीचं स्प्रॉकेट टाकतात. १४ चं १५ केलं तर ४२ भागिले १५, मागच्या-पुढच्या दातांचा रेशो ३ वरून २.८ वर आला, त्याच वेगाला इंजिन सुमारे सात टक्के कमी फिरतं. सपाटीवर नाशिक-धुळे बाजूला चालवणाऱ्याला चालेल कदाचित. आमच्याकडे कुंभार्ली चढताना डबलसीट आणि मागे तांदळाचं पोतं असेल तर तिसऱ्याची गाडी दुसऱ्यावर आणावी लागेल, आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जाईल. बाबांनी विचारलं होतं, मी सरळ नको म्हटलं.

पहिल्या चारपाचशे किलोमीटरला नवी चेन थोडी सैल होते, पिन-बुश एकमेकांत बसतात त्यामुळे, तेव्हा एकदा परत ताण बघायचा. त्यानंतर दर पाचशे-सातशे किलोमीटरला ऑइल, पावसात त्याहून लवकर. ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या, स्वस्त आहे आणि चिकटून राहतं. गॅरेजवर सर्व्हिसिंग झाल्यावर जे जळकं इंजिन ऑइल डब्यातून ओततात ते अजिबात टाकू देऊ नका, त्यात घासलेल्या धातूची पूड असते. ऑइल लावायचं ते गाडी चालवून आल्यावर, चेन गरम असताना, आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवायचं आणि फडकं धरायचं हे कृपा करून करू नका, बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं तर परत येत नाही.

ज्यांच्या गाडीला ओ-रिंगवाली चेन आहे त्यांनी पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही लांब ठेवा. पिनेतलं ग्रीस कंपनीने आत भरून रबराच्या रिंगने बंद केलेलं असतं, रिंग खराब झाली की ते गेलं आणि बाहेरून कितीही ऑइल लावा, आत पोचत नाही. रॉकेल मिळत असेल तर रॉकेल, नाहीतर चेन क्लीनर, मऊ ब्रश, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं.