एका तालुक्यातल्या दोन नद्या

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर आठवले ते भूगोलाचे सर. त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळणं महाकठीण.

नववीत त्यांनी फळ्यावर लिहिलं : मलप्रभा आणि म्हादई, दोघींचा उगम आपल्या (कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या) खानापूर तालुक्यात. मग एक पूर्वेला कुडलसंगमला कृष्णेत आणि दुसरी पश्चिमेला गोव्यात समुद्रात, असं का? पुस्तक उघडायचं नाही. आधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, मगच बोलायचं. या अटीचं शहाणपण मला फार उशिरा कळलं. एरवी आमच्यातले दोन-तीन बोलके सगळा तास खाऊन टाकत.

एकानं लिहिलं, देवाची इच्छा. सर हसले नाहीत. "बरं, देवानं हे केलं कसं म्हणतोस?" मग समोच्च रेषांचा नकाशा आला. उंच जागा पेन्सिलीनं जोडता जोडता सह्याद्रीचा जलविभाजक आमच्याच हातून उमटला. कणकुंबीकडचा मुलगा ओरडला, "आमच्या घराच्या आढ्यासारखंच की, सर! एका पाख्याचं पाणी अंगणात, दुसऱ्याचं परड्यात."

तेव्हा कळसा-भांडुरा प्रकल्पाचा वाद गाजत होता. म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायचं का? सरांनी गट पाडले : हुबळी-धारवाडचे तहानलेले, गोव्याचे शेतकरी, कणकुंबीच्या रानातले लोक. दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या. काल गोव्याला शिव्या घालणारा आज गोव्याचा वकील! कालचे स्वतःचेच मुद्दे खोडताना त्याची जी तारांबळ उडाली, तेवढं भूगोलाच्या तासाला आम्ही कधी हसलो नसू.

पालक कुरकुरत, "एसएसएलसी (दहावीची परीक्षा) तोंडावर आली, पोर्शन कधी संपणार?" तक्रार खोटी नव्हती. पोर्शन मागे पडायचाच, मग सर सकाळी जादा तास घेत. आणि राजधान्या, नद्यांची नावं मात्र सरळ पाठ करून घेत. "त्यात कसला विचार करता रे?"

2018 साली म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाचा निवाडा आला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं 3.9 मलप्रभेत वळवायला. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर विजयाचे फटाके फुटत होते, तेवढ्यात एकीनं विचारलं, "नदीत मुळात पाणी किती आहे, हे कुणी आणि कुठल्या वर्षांच्या पावसावरून मोजलं?" शाळेत ती बाकावरून कधी उठली नव्हती, फक्त वहीत लिहायची. त्या रात्री गट दोनपर्यंत भांडत होता.