सध्या काय वाचून रायले?

आयर्लंडमधल्या ज्या छोट्या गावात मी नर्स म्हणून काम करते, तिथल्या वाचनालयात महिन्यातून एका संध्याकाळी वाचणारी माणसं जमतात. आल्या आल्या प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं, एवढाच तिथला नियम. हा नियम डोक्यात इतका घोळतोय, की आज लिहायलाच बसले.

माझ्या शेजारी गाई पाळणारे एक वयस्कर शेतकरी बसले होते. त्यांच्या हातात खुनाचा तपास लावणारी जाडजूड कादंबरी होती आणि खुणेला पशुखाद्याच्या पावतीची घडी. मधला भाग कंटाळवाणा वाटला म्हणून तो सोडला आणि खुनी कोण ते शेवटी जाऊन बघून घेतलं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. कुणी नाक मुरडलं नाही. त्यांच्यानंतर एका निवृत्त शिक्षिकेनं १८४५च्या बटाट्याच्या रोगानं पडलेल्या दुष्काळावरचं पुस्तक सांगितलं. दोघांचंही तितक्याच मन लावून ऐकलं गेलं.

आपल्याकडे हाच प्रश्न विचारला की पोरगं आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघतं. सर असतील तर कुण्या थोर पुरुषाचं चरित्र सांगतं, मामा असेल तर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक पुढं करतं. गादीखाली ठेवलेली कादंबरी कुणालाच सांगत नाही. वाचणं आपण परीक्षेला जुंपलं आहे आणि मला त्याची खरोखर चीड येते.

माझी पाळी आली तेव्हा मी 'धग' सांगितली. उद्धव शेळक्यांची ही १९६० सालची कादंबरी मी पुन्हा वाचतेय. शिंप्याचं घर, कौतिक, तिचा नवरा महादेव, आणि पानोपानी आपली वऱ्हाडी बोली. दुष्काळाचं पुस्तक वाचणाऱ्या बाई पुढं सरकून ऐकत होत्या. मग कुणीतरी अगदी प्रेमानं विचारलं, "तुमच्या भागात वाचायला पुस्तकं मिळतात? आम्ही तिथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दलच ऐकलं आहे."

मनात वाईट काही नव्हतं, पण मला लागलं. मग मी बोलत सुटले. २०१९ला यवतमाळला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या आणि माझा भाऊ दारव्ह्याहून एसटीनं जाऊन दिवसभर पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये फिरला. २०२३ला संमेलन वर्ध्याला भरलं. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे. ज्या आत्महत्यांबद्दल तुम्ही ऐकलंत, त्याच भागातल्या शेतीची घुसमट सदानंद देशमुखांनी 'बारोमास'मध्ये लिहिली आणि त्या कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या गावात तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घरोघरी आहे. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि अक्षरओळख नसलेली म्हातारी मधेच थांबवून शंका विचारते. चाळीसच्या वर अध्याय असे एकत्र बसून ऐकणारी माणसं वाचत नाहीत, असं कोण म्हणेल?

हे सगळं खरं आहे आणि मी ते पुन्हाही सांगेन. पण इथल्या वाचनालयाचं कौतुक केल्याशिवायही राहवत नाही. सभासद व्हायला पैसे नाहीत. देशातल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयातलं पुस्तक मागवा, ते तुमच्या गावच्या वाचनालयात येतं. २०१९ पासून उशिराचा दंडसुद्धा बंद केलाय. गावच्या शेतकऱ्याला राजधानीत असलेलं पुस्तक हवं असेल तर पुस्तकानं प्रवास करायचा, शेतकऱ्यानं नाही. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अ ब क ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. तरी मी लहान असताना आमच्या वाचनालयाच्या कपाटाला कुलूप असायचं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते वावरात गेलेले असायचे. त्यांना तरी काय बोलायचं! तुटपुंज्या मानधनात घर चालत नाही.

आणि वेळ? इथं हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, म्हणून माणसं वाचतात. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी संपते न संपते तोच कापसाची वेचणी, मग तूर, हरभरा. आणि ओलितासाठी विजेची लाइन येते ती रात्रीची. रात्रभर पाण्याच्या पाळीवर जागलेल्या माणसाला कादंबरी का वाचत नाही असं मी विचारणार नाही. मी स्वतः इथं रात्रपाळी करून वाचते. पण पाळी संपली की माझा वेळ माझा असतो, त्याचा नसतो. मी गाव सोडलं म्हणून मला हे दिसतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. गाव सोडलं म्हणून गावचा वाचनाचा विचार करायचा नाही, हे मला मान्य नाही.

म्हणून आम्ही घरातल्या आणि शेजारच्या मंडळींचा व्हॉट्सअॅप गट केला. दर रविवारी प्रत्येकानं बोलून सांगायचं, सध्या काय वाचून रायले. काका ग्रामगीताच सांगतात, पण दर वेळी वेगळी ओवी घेतात. चुलत भाऊ एमपीएससीची पुस्तकं सांगतो, आम्ही तीही मोजतो. भावानं 'बारोमास' घेतली. त्यातल्या एम.ए. झालेल्या, नोकरी न मिळालेल्या एकनाथाबद्दल तो इतका वेळ बोलला की माय म्हणाली, "बापा, हा तं आपल्याच घरचा दिसून रायला." आणि वहिनीनं 'धग' सुरू केली आहे. परवा तिचा संदेश आला, "वं बाई, ह्या महादेवाले काई समजत काऊन नाई? सारं घर तं कौतिकच वढून रायली!" भावानं महादेवाची बाजू घेतली आणि दोघांचं तिथंच वाजलं. मी अजून कुणाचीच बाजू घेतलेली नाही, वहिनीचं वाचून होऊ दे.

अडचण एवढीच आहे की प्रत एकच आहे आणि वहिनीमागे शेजारच्या दोघी वाट बघतायत. दारव्हा, दिग्रस, नेर भागात कुणाकडे 'धग'ची जास्तीची प्रत पडून असेल तर मला कळवा. भाऊ येऊन घेऊन जाईल आणि परतही आणून देईल.