माळीकाकांचा हिशेब

एक जुनं घर आणि त्याची बाग जपणाऱ्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा त्याच घराच्या मागच्या अंगणात भरतो. इतिवृत्त, जमाखर्च, अध्यक्षांचे दोन शब्द (ते कधीच दोन नसतात) हे सगळं उरकतं. मी थांबलेलो असतो माळीकाकांसाठी.

काका भाषण करत नाहीत, बागेचा हिशेब देतात. वर्षभरात कुठलं झाड गेलं, कशानं गेलं, त्या जागी काय लावलं. फाटकाजवळचा जुना गुलाब वठला त्या वर्षी ते कागदात गुंडाळलेली एक वाळकी काटकी घेऊन उभे राहिले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग पायाशी ठेवलेली कुंडी उचलली. गुलाबानं मान टाकायच्या आधीच त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या हिरव्या फांद्या छाटून लावल्या होत्या. एकच जगली. "नर्सरीत हाच रंग मिळाला असता, पण तो या घरचा नसता," एवढं म्हणून खाली बसले.

त्याआधी पाहुण्यांनी ऐतिहासिक बागा जपण्यासाठीच्या १९८१च्या आंतरराष्ट्रीय फ्लॉरेन्स सनदेबद्दल सांगितलं होतं. ऐतिहासिक बाग हे जिवंत स्मारक, नाश पावणारं आणि पुन्हा उभं करावं लागणारं. छान बोलले. मला मात्र ती सनद कुंडी बघून कळली.

आणि हे ऐकायला निम्म्या खुर्च्या रिकाम्या! ग्रुप फोटो झाला की मंडळी पांगतात. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

आभार माझ्याकडे असतात, त्यामुळे आदल्या रात्री झोप नाही. सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करणारे गवंडी (सिमेंटमागं ओल कोंडून विटांचा भुगा होत होता), वाळवीवर पाळत ठेवणारी मुलं, पडद्यांवरची धूळ जाळी धरून टिपणाऱ्या ताई, जुन्या फोटोंवरून वाफ्यांच्या कडा आखून देणारे ड्रॉइंगचे मास्तर, पंप उसना देणारे शेजारी. एकदा तिकीटखिडकीवरच्या वहिनी राहून गेल्या. दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. बरोबरच होतं त्यांचं.

शिवाय झडपा लावणारा दादा. जुन्या कापडाला, कागदाला साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, एकदा विटलेला रंग परत येत नाही. म्हणून ऊन फिरेल तशी तो एकेक खिडकी मिटत जातो. आमचे आभार येतात ते नेमके पश्चिमेचं ऊन आत शिरायच्या वेळी. माईकवर त्याचं नाव घेतो, तेव्हा वरच्या मजल्यावरून कडी लावल्याचा आवाज येतो.